मी मजेत आहे, काळजी नसावी

बाबा वारले, त्यानंतर त्यांचे मेल जास्त नियमित यायला लागले.

जिवंत असताना ते लहर लागली तर लिहायचे, तेही समुद्र शांत असला तर. गेल्यावर मात्र दर रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला: 'मी मजेत आहे. जेवण बरे आहे. तू गोळ्या वेळेवर घे. काळजी नसावी.' आईला डाव्या कानाने ऐकू येत नाही, पण डोळे शाबूत आहेत. ती मेल दोनदा वाचायची आणि म्हणायची, "बघ गो जुई, माणूस सुधारला."

मग महिन्याची पुरवठा बोट मिरकरवाड्याच्या धक्क्याला लागली, आणि बटाट्याच्या रिकाम्या क्रेटांबरोबर बाबांना घेऊन आली. त्यांना मासळीच्या शीतखोलीत ठेवलं होतं. छातीत दुखत होतं म्हणे, आठवडाभर. धक्क्यावरून घरी आलो तेव्हा मेल आलेला होता. मजेत होते.

बाबा, म्हणजे यशवंत तोडणकर, 'तळरत्न' या जहाजावर सारंग होते. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. जहाज एका तळखनिज कंपनीचं, समुद्राच्या तळावरून बटाट्याएवढे धातूचे खडे उपसणारं, आणि रत्नागिरीपासून हेलिकॉप्टरने अडीच तासांवर कायमचं उभं. कंपनीचं मुख्यालय रत्नागिरीतच, टेकडीवर, जिथून समुद्र छान दिसतो आणि त्यावरचं काही दिसत नाही.

आता थोडं विज्ञान. ज्यांना नको असेल त्यांनी पुढच्या दोन परिच्छेदांवरून नुसती नजर फिरवावी आणि मधलं अंदाजाने भरून घ्यावं. त्या विज्ञानाचं सारही तेच आहे.

माझ्या लहानपणी आकाशात उपग्रह इतके होते की इंटरनेट वरून फुकट सांडायचं. मग त्यातले दोन एकमेकांवर आदळले, त्यांचे तुकडे आणखी चारांवर, आणि बघता बघता वरची सगळी गल्ली भंगारवाल्याच्या दुकानासारखी झाली. जे उपग्रह वाचले त्यांच्या मालकांनी भाव असे वाढवले की जहाजावरून घरी पाठवलेला एक मेल जहाजावरच्या जेवणापेक्षा महाग पडायला लागला. म्हणून कंपनीने 'मितवाक्' आणलं. मजकूर आवळून पाठवायच्या सगळ्या युक्त्यांचं मूळ एकच असतं: समोरच्याला जे आधीच कळतंय, ते पाठवू नका. 'उपरोक्त विषयास' असं वाचलं की पुढे 'अनुसरून' येणार हे शेंबडं पोरही सांगेल. मग ते उपग्रहावरून कशाला पाठवायचं?

मितवाक्‌च्या दोन जुळ्या प्रती होत्या. एक जहाजावरच्या मेल सर्व्हरवर, दुसरी मुख्यालयाच्या. दोघींनी प्रत्येक माणसाचे जुने मेल वाचून त्याचा स्वभाव तोंडपाठ केलेला. बाबा मेल लिहायला लागले की जहाजावरची प्रत त्यांचा पुढचा शब्द ओळखायची. ओळखता आला तर तो पाठवायचाच नाही. चुकला तर तेवढी चूक पाठवायची. इकडची बहीण तेच अंदाज करत, आलेल्या चुका दुरुस्त करत, अख्खा मेल जसाच्या तसा पुन्हा उभा करायची. म्हणजे उपग्रहावरून जायचं ते फक्त आश्चर्य. कार्यालयात सगळे या यंत्राला 'अंदाजपंचे' म्हणायचे, पण कौतुकाने. तोवर एक अक्षरही गळत नव्हतं.

मग साखळकर साहेबांनी विचारलं, "एवढं आश्चर्य लागतं कशाला?"

मिलिंद साखळकर, उपसंचालक, दळणवळण व काटकसर. त्यांनी 'आश्चर्य मर्यादा' नावाची ओळ सर्व्हरच्या मांडणीत घालायला लावली. एका मेलमागे चिमूटभर आश्चर्य पाठवायचं. त्यापुढे माणूस जे काही अनपेक्षित लिहील ते कापायचं, आणि त्या जागी नेहमीचं भरायचं. आणि जहाजाकडून काहीच आलं नाही, तर सगळं नेहमीसारखं आहे असं धरून नेहमीचा मेल देऊन टाकायचा. मितवाक् बनवणाऱ्या कंपनीची इंजिनियर म्हणाली होती, "सर, मग तो मेल त्या माणसाचा राहणार नाही." साहेब म्हणाले, "माणूस तर आपला राहील ना? झालं तर."

मर्यादेला सूट एकच: मुख्यालयातले अधिकारी. कारण साहेबांच्या मेलखाली त्यांची सही दहा ओळींची होती, आणि त्यातल्या पुरस्कारांची नावं दर महिन्याला बदलायची. त्या वर्षी त्यात 'काटकसर-भूषण' आलं.

बाबांच्या मृत्यूची चौकशी झाली. समितीचे अध्यक्ष साखळकर साहेब. कप्तानाचे मेलही तपासले. त्यातही 'सर्व कुशल' होतं, कारण कप्तान जहाजावर होता आणि मर्यादेतही. मेल्यानंतर आलेले मेल 'रांगेत अडकलेले जुने' ठरले. साहेबांनी समितीपुढे, म्हणजे स्वतःपुढे, लेखी निवेदन दिलं की मितवाक् प्रणालीतून एक अक्षरही गळत नाही. निष्कर्ष: मयत व्यक्तीने आजाराबाबत कोणासही कळवल्याचे आढळत नाही.

ते आईला वाचून दाखवलं, उजव्या कानात. तिने कागद माझ्या हातून घेऊन स्वतः वाचला. मग म्हणाली, "म्हणजे लपवलं माझ्यापासून. माझ्या गोळ्यांची चौकशी करीत बसले, आणि स्वतःचं सांगितलं नाही."

बाबांचा फोटो लावला, पण ती हार घालीना. नातेवाईक समजावून गेले. ती फोटोकडे बोट करून म्हणायची, "आधी बोला म्हणावं. मग घालते."

मला नोकरी लागली ती या सगळ्यामुळे. अनुकंपा तत्त्वावर. म्हणजे कंपनीने तुमचं माणूस घालवलं, तर त्या बदल्यात कंपनी तुम्हाला घेते. मी कॉम्प्युटर इंजिनियर, त्यामुळे मला मेल सर्व्हरवरच बसवलं. साहेबांनी छोटासा समारंभ केला. शाल, श्रीफळ, आणि फोटोग्राफरसाठी माझ्या डोक्यावर हात, तीनदा, कारण पहिल्या दोन फोटोंत त्यांचे डोळे मिटले होते.

"बाळ, काही लागलं तर सांग," ते म्हणाले.

"एकच विचारायचं होतं, साहेब. जहाजावरच्यांचा मेल कापला जातो ना?"

त्यांनी हात काढला. "कोण म्हणालं? एक अक्षरही गळत नाही. मी लेखी दिलंय."

"हो. वाचलं मी."

"मग झालं. नारळ घरी ने. आईला दे."

कापलेला मजकूर सर्व्हर साठवत नाही, कारण साठवायला जागा लागते आणि जागेला भाडं. साठवतो तो फक्त आकडा, किती कापलं त्याचा. रुजू झाल्या झाल्या मी बाबांचे आकडे काढले. बाबा आयुष्यभर अंदाज करता येईल असेच वागले. सकाळी पेज, दुपारी बांगडा, संध्याकाळी रेडिओ. त्यांच्या मेलमधून कधी फार कापावं लागलं नाही. शेवटच्या मेलपुढे लिहिलं होतं: कपात चौऱ्याण्णव टक्के.

त्या चौऱ्याण्णव टक्क्यांत काय होतं, हे जगात कोणालाच माहीत नाही. मला फक्त एवढंच हवं होतं की ते होतं, हे साखळकर साहेबांनी स्वतःच्या तोंडाने म्हणावं. आईच्या उजव्या बाजूला उभं राहून.

मी वाट बघितली. वाट बघण्यात मी हुशार आहे. कंपनीचा वर्धापनदिन आला, आणि साहेबांनी ठरवलं की यंदा जहाजावर जाऊन खलाशांना मार्गदर्शन करायचं. पुरवठा बोटीने जायचं, चार दिवस राहायचं, मग 'पाठवा' असा मेल केला की कंपनीचं हेलिकॉप्टर घ्यायला येणार. जहाजावरचा सॅटेलाइट फोन त्यांनीच काटकसरीत काढून टाकला होता.

निघायच्या दिवशी ते फायली हातावेगळ्या करत होते. त्यांची पद्धत अशी की शिपाई पान उलटणार, साहेब सही करणार, आणि दोघंही तिसरीकडे बघणार. मी माझी फाइल मध्ये सरकवली. टिपणी साधी होती: 'मितवाक् प्रणालीतून एक अक्षरही गळत नसल्याचे मा. उपसंचालकांनी लेखी नमूद केले आहे. सबब अधिकाऱ्यांना दिलेली सूट अनावश्यक ठरते. सूट काढल्यास खर्चात बचत होईल. मान्यतेस्तव सादर.'

'बचत' हा शब्द त्यांना बहुतेक वासाने कळला. त्यांनी थांबून विचारलं, "कुणाची कल्पना?"

"तुमचीच, साहेब."

"वाटलंच," म्हणून त्यांनी सही केली.

बोट सुटली. मी खाली येऊन सूट काढली. एक ओळ. मधल्या वेळेत चहाही गार झाला नाही.

चौथ्या दिवशी साहेबांचा मेल आला. एवढ्याशा मर्यादेतून त्यांच्या मनातलं एकच आश्चर्य निसटलं होतं, पहिला शब्द. पुढचं सगळं मितवाक्‌ने त्यांच्या स्वभावानुसार भरलं होतं: 'हेलिकॉप्टर पाहण्याची खलाशी बांधवांना मोठी उत्सुकता आहे. तथापि त्यांचे प्रेम पाहता माझा मुक्काम वाढवीत आहे. सोबत सत्काराचा वृत्तांत.'

देवस्थळी मॅडम आमच्या व्यवस्थापकीय संचालक. मेल वाचून चष्मा काढत म्हणाल्या, "रमलेत हो. राहू दे त्यांना. इथेही बरं चाललंय."

खरंच बरं चाललं होतं. साहेबांची रोजची परिपत्रकं वेळेवर येत होती, पूर्वीपेक्षा आटोपशीर. दोन परिपत्रकांचं तर मॅडमनी बैठकीत कौतुक केलं. त्या दोन्ही दिवशी जहाजाकडून काहीही आलं नव्हतं.

मग साखळकर वहिनींचा फोन आला. मला वाटलं, संपलं. बायको ओळखणार.

"काय गं, ह्यांचा मेल आलाय," त्या म्हणाल्या. "सत्काराला किती माणसं होती ते लिहिलंय. माझं काही विचारलेलं नाही."

"मग?"

"मग काय, बरे आहेत म्हणायचे. सहज कळवलं."

माझा बेत सरळ होता. पुढची पुरवठा बोट जाईल तेव्हा साहेब तिच्यावर उडी मारून परत येतील, धक्क्यावरच ओरडायला लागतील की माझे मेल कापले, आणि मी आईला घेऊन तिथे उभी असेन. तोवर त्यांनी समुद्राची हवा खावी. पहिल्या आठवड्यात त्यांची कपात पन्नाशीच्या आसपास होती. तक्रारी असणार. दुसऱ्या आठवड्यात ती उतरत गेली, म्हणजे आपला मेल कुणी वाचत नाही हे त्यांना कळलं असणार आणि ते सवयीचं लिहायला लागले असणार. मी रोज डबा खाताना तो आकडा बघायची. जेवण गोड लागायचं.

बोट जायला चार दिवस राहिले असताना त्यांचा एक मेल आला. 'प्रकृती उत्तम. सागरी हवेने तारुण्य परत आल्यासारखे वाटते.'

शेजारी आकडा होता. चौऱ्याण्णव.

मी पोळीचा तुकडा डब्यात परत ठेवला.

माझ्या मनात काय आलं ते सांगते. आधी आलं की बरं झालं. मग आलं की हाच तो आकडा, आणि या वेळी तो कुणीतरी वेळेत बघतंय. आणि मग आलं ते सगळ्यात महत्त्वाचं: मेलेला माणूस ओरडत नाही. साखळकर गेले तर चौकशी होणार, नवे अध्यक्ष येणार, आणि निष्कर्ष तोच निघणार, की मयताने कोणास कळवले नाही. मला ते जिवंत हवे होते. धडधाकट, आणि संतापलेले.

मी मॅडमकडे पळत गेले. "मॅडम, साखळकर साहेबांची तब्येत बिघडलीय. हेलिकॉप्टर पाठवायला हवं."

"कोण म्हणालं?"

"कपातीचा आकडा."

मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. "हे बघ. तारुण्य परत आलंय म्हणतात. आणि हेलिकॉप्टर म्हणजे काय रिक्षा आहे का?"

"मॅडम, मेल कापला जातो. मधलं यंत्र भरतं."

"अगं, एक अक्षरही गळत नाही म्हणून त्यांनी लेखी दिलंय. तुझ्याच टिपणीत आहे की ते. सही आहे त्यांची."

माझी टिपणी चांगलीच झाली होती.

मी खाली आले. मर्यादा उठवून साहेबांना मेल पुन्हा लिहायला सांगता आलं असतं, पण जहाजाशी पुढचा संपर्क दुसऱ्या दिवशी होता. बाबांना तेवढाही वेळ मिळाला होता की नाही, कोण जाणे. मग मी मुख्यालयातल्या जुळ्या बहिणीला साखळकरांच्या नावाने नवा मेल लिहायला सांगितला, आणि सुरुवात म्हणून एकच शब्द दिला: 'उद्घाटन'.

पुढचं तिने एका दमात लिहिलं. 'उद्घाटन सोहळा: तळरत्नवरील हेलिपॅडला नवा रंग दिला असून त्याचे उद्घाटन आजच करण्याचे योजले आहे. तरी हेलिकॉप्टर हारतुरे व छायाचित्रकारासह तातडीने पाठवावे. फीत तयार आहे. कात्री आणावी.' खाली सही. दहा ओळी.

मॅडमनी अर्ध्या मिनिटात मंजुरी दिली. "याला म्हणतात डोकं," त्या म्हणाल्या. "रंग लावला आणि सोहळा केला. साखळकरच करू जाणे."

हेलिकॉप्टर हार, फोटोग्राफर आणि कात्री घेऊन उडालं, आणि साहेबांना घेऊन परतलं. रत्नागिरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. हृदय उत्तम होतं. मूतखडा होता. मोठा. समुद्राच्या तळावरून खडे काढणाऱ्या कंपनीच्या उपसंचालकाच्या पोटातून डॉक्टरांनी तो काढला, आणि फोटोग्राफर तिथेच असल्यामुळे त्याचाही फोटो निघाला.

खरं सांगायचं तर मी किंचित हिरमुसले.

तिसऱ्या दिवशी मी आईला म्हटलं, "साहेबांना बघून येऊ या?"

"जायला हवं," आई म्हणाली. "तुला नोकरी दिली त्यांनी." आणि तिने डब्यात भाताची पेज भरली, वर मेतकुटाची पुडी.

खोलीत देवस्थळी मॅडम आधीच बसल्या होत्या. साहेब उशीला टेकून, दाढी वाढलेली, आवाज मात्र शाबूत. मला बघताच ते उठूनच बसले.

"हीच ती! मॅडम, हिने माझे मेल कापले! चार-चारदा लिहिलं मी, न्या मला, मरतोय मी, पोटात सुऱ्या चालल्यात! आणि तुम्ही म्हणताय तुम्हाला मिळालं काय, तर तारुण्य!"

"पण साखळकर, सही तुमचीच होती," मॅडम म्हणाल्या.

"मी लिहिलंच नव्हतं ते!"

मी आईसाठी खुर्ची ओढली. पलंगाच्या अशा बाजूला, की साहेब तिच्या उजवीकडे येतील. "असं कसं होईल, साहेब?" मी म्हटलं. "एक अक्षरही गळत नाही ना?"

"गळतं! न गळायला काय झालं? मर्यादा घातली की गळणारच! सगळ्यांचंच गळतं, कप्तानाचं गळतं, खलाशांचं गळतं, मला काय माहीत नाही? म्हणून तर अधिकाऱ्यांना सूट ठेवली होती!"



"साहेब," मी म्हटलं, "ही माझी आई. यशवंत तोडणकरांची बायको. तिला जरा कमी ऐकू येतं. खलाशांचं काय होतं म्हणालात, ते परत सांगाल?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग मॅडमकडे. चेहरा एखाद्या परिपत्रकासारखा कोरा होत गेला. नेहमीचं काहीतरी भरायला शोधत होते, पण सापडत नव्हतं.

आई पुढे वाकली. तिला सगळं ऐकू गेलं होतं. "ह्यांनी लिहिलं होतं?" तिने विचारलं.

"लिहिलं... असणार," साहेब म्हणाले.

"मला?"

"तुम्हालाच. घरच्या पत्त्यावर होता तो मेल."

"काय लिहिलं होतं?"

साहेब चादरीकडे बघत राहिले. "ते नाही सांगता येणार, वहिनी. कापलेलं आम्ही ठेवत नाही."

आईने मान डोलवली, मेल वाचताना डोलवायची तशीच. डब्याचं झाकण अर्धं उघडलं होतं, ते दाबून बसवलं. मेतकुटाची पुडी उचलली, डबा पिशवीत घातला, आणि पिशवी खांद्याला लावली.

मॅडम उठल्या. पर्समधून पेन काढून त्यांनी साहेबांच्या हातात ठेवलं. "साखळकर," त्या म्हणाल्या, "हेही लेखी द्या."

रिक्षात आईने पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "काय लिहिलं असेल गो त्यांनी?"

"अंदाज नको करू, आई."

"नाही करत."

मारुती आळीच्या तोंडाशी तिने रिक्षा थांबवायला लावली आणि खाली उतरून फुलवाल्यासमोर जाऊन उभी राहिली.

"देवाला का, काकी?" त्याने विचारलं.

"फोटोला," आई म्हणाली. "मोठा दे. बोललेत ते."